ब्लड अँड सँड घरी करताना: स्कॉच, संत्रं, वर्मुथ आणि थोडं लिंबू

ब्लड अँड सँड या जुन्या कॉकटेलची मूळ कृती एका ओळीत संपते. स्कॉच, गोड वर्मुथ (मसाले मुरवलेली वाईन), चेरी लिकर (चेरीचं गोड मद्य) आणि संत्र्याचा रस सारख्या मापाने घ्यायचे, बर्फावर घुसळायचे आणि गाळायचे. ही कृती १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या हॅरी क्रॅडॉक या बारमनने केलेल्या संग्रहात छापली गेली. नाव पडलं ते १९२२ सालच्या मूकपटावरून, ज्यात रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने बुलफायटरची भूमिका केली होती. स्कॉच आणि फळाचा रस यांची जोडी जमलेली जुनी कॉकटेल्स फार नाहीत, म्हणून हे करून पाहण्याजोगं आहे. पण छापलेल्या मापाने केलं तर दहातल्या आठ वेळा ते मिळमिळीत होतं. व्हिस्की दबते, गोडवा वर येतो आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही.

कारण साधं आहे. लिंबाच्या रसात साधारण सहा टक्के आम्ल असतं, गोड संत्र्याच्या रसात एक टक्काही नसतं. उरलेल्यांपैकी वर्मुथ गोड आणि चेरी लिकर त्याहून गोड. गोड वर्मुथमध्ये लिटरमागे किमान १३० ग्रॅम साखर असते. म्हणजे चारपैकी तीन जिन्नस गोड, आणि त्यांना तोलून धरेल असं आंबट काहीच नाही. गूळ भरपूर पडलाय पण चिंच घालायची राहिलीय, अशा आमटीसारखी गत होते. वर व्हिस्की फक्त एक चतुर्थांश. त्यामुळे दुरुस्ती दोन ठिकाणी करायची: व्हिस्कीचं माप वाढवायचं आणि थोडं लिंबू घालायचं.

एका ग्लासासाठी हे प्रमाण घ्या:

स्कॉच ४० मिली
गोड लाल वर्मुथ २० मिली
चेरी लिकर २० मिली
ताजा संत्र्याचा रस २० मिली
कागदी लिंबाचा रस ५ मिली
सजावटीला संत्र्याच्या सालीचा दोन बोटं रुंद तुकडा

एकूण १०५ मिली. घुसळताना बर्फाचं साधारण ३० मिली पाणी त्यात उतरतं, म्हणजे ग्लासात १३५ मिलीच्या आसपास जातं. त्यातलं अल्कोहोल एका लार्ज पेगइतकं असतं. चव गोड-आंबट असल्याने ते जाणवत नाही, तेव्हा पाहुण्यांना देताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

मापासाठी ३०-६० चा पेग मेजर पुरत नाही, कारण इथे २० आणि ५ मिली लागतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारा छोटा प्लास्टिकचा कप या कामाला उत्तम. त्यावर अडीच, पाच, दहा मिलीच्या खुणा असतात. स्वच्छ धुऊन वास गेला की वापरा. अंदाजाने ओतू नका. लिंबाचे पाचाचे दहा मिली झाले तर संत्रं हरवतं.

संत्र्याचा रस

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. पाकिटातला रस चालत नाही. तो तापवलेला असतो आणि शिजवलेल्या फळाची चव स्कॉचच्या धुरकटपणाशी भांडते.

महाराष्ट्रात आपल्याला नागपुरी संत्रं मिळतं, आणि या कॉकटेलला ते छान जातं. सालीला वास भरपूर, रसाला रंग चांगला. वर्षातून दोन बहार येतात. आंबिया बहाराची फळं पावसाळा सरताना यायला लागतात आणि डिसेंबरपर्यंत असतात. मृग बहाराची त्यानंतर, जानेवारीपासून पुढे. आंबियाचं फळ किंचित आंबट, मृगाचं जास्त गोड. या पेयाला आंबियाचंच फळ बरं. मृगाची संत्री असतील तर लिंबाचा रस ५ ऐवजी ७ मिली घाला.

मोसंबी मात्र टाळा. तिच्यात आंबटपणा अगदी कमी आणि वासही मंद, त्यामुळे जो दोष काढायचा आहे तोच वाढतो. बाहेरून येणारी केशरी, जाड सालीची संत्री उन्हाळ्यात मिळतात, ती चालतील. त्यांच्या सालीवर मेण असतं, म्हणून साल वापरायची असेल तर आधी गरम पाण्यात घासून धुवा. किन्नोचा रस भरपूर निघतो, पण बियाही भरपूर असतात आणि त्या चिरडल्या की रस कडवट होतो.

हा कडवटपणा नीट समजून घ्यायला हवा. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो आणि तोच तासाभराने कडसर लागतो. फळातला एक पदार्थ रस काढल्यावर हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो आणि लिमोनिन कडू असतं. मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो, तेही याच कारणाने. हा पदार्थ फळाच्या बियांत, पाकळ्यांच्या पातळ सालीत आणि पांढऱ्या दोऱ्यांत जास्त असतो. म्हणून तीन गोष्टी पाळा. मिक्सर वापरू नका, त्यात बिया आणि पाकळ्यांची सालं दळली जातात. फळ आडवं कापून हाताने, बेताच्या जोराने पिळा. शेवटचा थेंब काढायच्या नादात साल चुरगाळू नका. आणि रस काढल्यावर लगेच चहाच्या बारीक गाळणीतून गाळून अर्ध्या तासात वापरा. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात दोन ग्लासांपुरता रस सहज निघतो.

कोणाला लिंबाची चव अजिबात नको असते, फक्त आंबटपणा हवा असतो. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारं खाण्याचं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, उपयोगी पडतं. संत्र्याच्या १०० मिली रसात सव्वा ग्रॅम विरघळवा आणि हा रस प्रत्येक ग्लासाला २५ मिली घ्या. मग वेगळं लिंबू घालायचं नाही. आंबटपणा तितकाच मिळतो आणि चव निव्वळ संत्र्याची राहते. आमच्या मते ही पद्धत जास्त चांगली. पण त्यासाठी ग्रॅमचा अंश दाखवणारा छोटा काटा लागतो. चमच्याच्या अंदाजाने सायट्रिक ॲसिड घातलं तर हमखास जास्त पडतं.

वर्मुथ

वर्मुथ म्हणजे वनस्पती आणि मसाले मुरवलेली, वरून मद्यार्क घालून तीव्र केलेली वाईन. गोड लाल प्रकार इटलीतल्या तुरिनचा. १७८६ साली तिथे अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. त्यात वर्मवुड ही कडू वनस्पती असते. ती आपल्या दवण्याच्या कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि वर्मवुड, दोन्ही आर्टेमिसियाच. दवण्याचा गोडसर, औषधी वास ओळखीचा असेल तर वर्मुथ हुंगताना तो ओळखीचा धागा सापडेल.

मार्टिनी रोस्सो किंवा चिंझानो रोस्सो यांपैकी जे ताजं मिळेल ते घ्या. ताजं यासाठी म्हणतो की बरीच दुकानं वर्मुथ वर्षानुवर्षं शेल्फवर उन्हात उभं ठेवतात. बाटलीवरची तारीख पाहा आणि मागच्या रांगेतली, सावलीतली बाटली मागा.

उघडल्यावर काय करायचं, हे बहुतेक घरांत चुकतं. वर्मुथ व्हिस्कीशेजारी कपाटात ठेवलं जातं. त्यात अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे ते शेवटी वाईनच आहे आणि हवेने उतरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातली उघडी बाटली दोन-तीन आठवड्यांत फिकी पडते. आधी वास जातो, मग उकळलेल्या मनुकांसारखी कोंदट चव येते. उघडल्या दिवसापासून ती फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. एवढी संपणार नसेल तर उघडताच निम्मी एखाद्या छोट्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरून घट्ट बूच लावा. हवा नसेल तर ती टिकते.

गोव्यात आणि इथेही ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळणारी गोड लाल वाईन वर्मुथऐवजी घालावी का? घालता येते, पण तिच्यात वर्मुथचा कडवेपणा आणि मसाल्याची बाजू नसते. नुसती गोड द्राक्षं राहतात. घातलीच तर माप २० वरून १५ मिलीवर आणा आणि अँगोस्टुरा बिटर्स या कडू, मसालेदार अर्काचे चार-पाच थेंब टाका. वेगळं पेय होईल, वाईट नाही होणार.

चेरी लिकर

मूळ पेयात चेरी हीरिंग हे डेन्मार्कचं लिकर वापरतात. १८१८ साली कोपनहेगनमध्ये त्याची सुरुवात झाली. लंडन, दुबई, न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ते सहज मिळेल. मुंबई-पुण्यात मोठ्या दुकानांत कधी असतं, कधी नसतं. ते नसेल तर ‘चेरी ब्रँडी’ नावाने येणारं कुठलंही गडद लाल, गोड लिकर चालतं. किर्श चालत नाही. तेही चेरीचंच, पण पाण्यासारखं पारदर्शक, तीव्र आणि अजिबात गोड नसलेलं मद्य आहे.

बेकरीत मिळणाऱ्या लालभडक चेरीच्या पाकाचा मोह होतो. त्या ‘चेरी’ बहुतेक वेळा रंगवून पाकात घातलेली करवंदं असतात. त्या पाकात रंग आणि साखर सोडून काही नाही.

घरी लिकर करणं मात्र अवघड नाही, फक्त वेळ लागतो. मे ते जुलैमध्ये काश्मीर आणि हिमाचलच्या चेरी बाजारात येतात. त्यातल्या काळपट लाल, टणक चेरी निवडा. बिया काढून ५०० ग्रॅम भरतील एवढ्या घ्या, हलक्या चेचा आणि कोरड्या काचेच्या बरणीत घाला. वर ५०० मिली ब्रँडी, बोटाच्या एका पेराएवढी दालचिनी आणि दोन लवंगा. फळं ब्रँडीत बुडालेली राहिली पाहिजेत; वर डोकावणाऱ्या फळाला बुरशी धरते. अंधाऱ्या जागी तीन आठवडे मुरू द्या, दोन दिवसांतून एकदा बरणी हलवा. मग मलमलीच्या कापडातून गाळा आणि दर १०० मिलीला २५ ग्रॅम साखर घालून, न तापवता, ढवळून विरघळवा. फळांच्या रसामुळे आणि साखरेमुळे ब्रँडी सौम्य होते आणि लिकर साधारण २० टक्के अल्कोहोलच्या आसपास येतं, विकतच्याहून थोडं सौम्य. बदामाचा वास हवा म्हणून काही जण बिया फोडून घालतात, तसं करू नका. त्या बियांतून सायनाइड तयार होतं. बदाम इसेन्सचे दोन थेंब पुरे.

कोणती व्हिस्की

इथे स्कॉच म्हणजे ब्लेंडेड स्कॉच, तीही थोडी धुरकट. टीचर्स हायलँड क्रीम या कामाला फार छान आहे. तिच्यात धुराची बाजू स्पष्ट आहे आणि किंमत आवाक्यातली. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलही जमते. खूप हलकी, नुसती गोडसर ब्लेंड घेतली तर चेरीखाली ती दिसतच नाही. उलट स्कॉटलंडच्या आयला बेटावरची कडक धुराची माल्ट ४० मिली घातली तर संत्रं संपतं. तशी बाटली घरात असेल तर साध्या स्कॉचच्या ३५ मिलीत तिचे ५ मिली मिसळा.

भारतीय सिंगल माल्टही चालतात. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉनची एडिटेड हलकी धुरकट आहे आणि या पेयात शोभते. तिचं बळ ४६ टक्के, म्हणून ३५ मिली पुरते. मळीच्या मद्यार्कावर बेतलेल्या स्वस्त व्हिस्क्या मात्र इथे टिकत नाहीत. त्यांच्यात धान्याची स्वतःची चव नसते, आणि गोड पेयात गोड कृत्रिम वास मिसळतो.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला व प्यायला परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. परवाना बहुतेक वाईन शॉपमध्येच करून मिळतो.

करायची रीत

ग्लास आधी फ्रीजरमध्ये १५ मिनिटं ठेवा. बसका, देठाचा कूप ग्लास असेल तर उत्तम. नसेल तर लहान वाईन ग्लास. गार ग्लास महत्त्वाचा आहे, कारण या पेयात बर्फ राहत नाही आणि आपल्या हवेत ते पाच-सात मिनिटांत तापायला लागतं.

बर्फ फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये टाका. बाहेर ताटलीत काढून ठेवलेला बर्फ कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत लगेच सुटतो, आणि त्याच्यावरचं पाणी गारवा न देता फक्त पेय पातळ करतं. बर्फाला फ्रीजमधल्या मासळी-लसणाचा वास लागला असेल तर तो पेयात उतरतोच. ट्रे झाकणाचा घ्या, नाहीतर त्या दिवशीच बर्फ लावा.

शेकर नसेल तर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, मात्र लोणच्याची नको. झाकणाच्या रबरात मोहरी-हिंगाचा वास कायमचा बसलेला असतो.

आधी सगळे द्रव मोजून घाला, बर्फ सगळ्यात शेवटी. नेहमीच्या ट्रेचे सात-आठ खडे, म्हणजे भांडं दोन-तृतीयांश भरेल इतके. झाकण लावून फडक्यात धरा आणि जोरात १२ ते १५ सेकंद हलवा. नुसतं डोलवू नका, बर्फ एका टोकावरून दुसऱ्या टोकावर आपटला पाहिजे. त्यानेच पेय गार होतं आणि संत्र्याच्या रसाचा बारीक फेस येतो, जो वर दिसायला हवा. भांडं हाताला बोचरं गार लागलं की थांबा. तीस सेकंद हलवलं तर गारवा फारसा वाढत नाही, पाणी मात्र वाढतं.

शेकरच्या जाळीतून आणि खाली चहाची गाळणी धरून, असं दुहेरी गाळा. त्याने बर्फाचा चुरा आणि चोथा वर राहतो. मग सालीचा तुकडा रंगीत बाजू पेयाकडे करून ग्लासावर धरा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी दुमडा. तेलाचा बारीक फवारा पेयावर पडतो. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि तेलकट असल्याने हे सहज जमतं. साल ग्लासाच्या काठावर एकदा फिरवून बाजूला ठेवा. आत टाकली तर पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरतो.

रंग नावाप्रमाणे रक्तासारखा येत नाही. तो विटकरी, तपकिरीकडे झुकलेला केशरी येतो आणि तोच बरोबर आहे.

चव चुकली तर

पहिला घोट घेऊन ठरवा. गोड आणि जड वाटलं तर लिंबाचे तीन-चार थेंब ग्लासातच टाकून ढवळा. बहुधा तेवढ्यानेच सुधारतं. आंबट आणि पातळ वाटलं तर चेरी लिकरचा अर्धा छोटा चमचा घाला, साखर घालू नका. गार पेयात ती तळाशी बसते. खोकल्याच्या औषधासारखा वास आला तर दोष चेरीचा असतो. लिकर स्वस्त, इसेन्सचं असणार. पुढच्या वेळी ते १० मिलीवर आणा आणि व्हिस्की ५ मिलीने वाढवा. तोंडात मागाहून कडू रेंगाळलं तर रस जुना झालाय किंवा बिया चिरडल्या गेल्यात. त्यावर उपाय नाही, नवा रस काढा. आणि सगळं मापात असून पेय मुकं, वासच नसलेलं वाटलं, तर वर्मुथची बाटली उघडून कधीची आहे ते आठवा.

सहा जणांसाठी

व्हिस्की २४० मिली, वर्मुथ १२० मिली आणि चेरी लिकर १२० मिली एका स्वच्छ बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. हे मिश्रण आठवडाभर चांगलं राहतं, आणि एक-दोन दिवसांनी जास्त एकजीव लागतं. रस मात्र आधी घालायचा नाही. आयत्या वेळी प्रत्येक ग्लासाला या मिश्रणाचे ८० मिली, संत्र्याचा रस २० आणि लिंबू ५ मिली. एका वेळी दोनच ग्लास घुसळा. चार ग्लासांचं एकदम भरलं तर बर्फाला हलायला जागा उरत नाही आणि पेय अर्धवट गार होतं.

चेरी मिळालीच नाही तर

मग ब्लड अँड सँड सोडा आणि स्कॉफलॉ करा. तेही व्हिस्की, लिंबूवर्गी फळ आणि वर्मुथचंच, फक्त जास्त चुरचुरीत. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा, १९२४ मध्ये, पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये ते निघालं. यात राय (राय धान्याची) व्हिस्की ४५ मिली, कोरडं पांढरं वर्मुथ ३० मिली, लिंबाचा रस २० मिली आणि डाळिंबाचं सरबत, म्हणजे ग्रेनेडीन, १५ मिली. राय नसेल तर बरबन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, घ्या.

विकतच्या ग्रेनेडीनमध्ये बहुधा डाळिंब नसतंच, म्हणून ते घरीच करा. सोलापूरकडचं भगवा जातीचं डाळिंब त्यासाठी उत्तम, रंग गडद येतो. दाणे पिशवीत घालून लाटण्याने हलके दाबा आणि गाळा. मिक्सरमध्ये बिया तुरटपणा सोडतात. जेवढा रस भरेल तेवढ्याच वजनाची साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की ताजेपणा जातो आणि जॅमची चव येते. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की दोन-तीन आठवडे टिकतं, आणि मुलांना सोड्यात घालूनही देता येतं.